होसकोट्याच्या आडवाटा

रविवारी पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास होसकोट्यात दोन प्रकारची मंडळी जागी असतात. एक, बंगळूरहून मोटारी घेऊन मुद्दाम आलेली आणि बिर्याणीच्या हंड्यांपुढे रांग लावून उभी राहिलेली. दुसरी, सायकलीला पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा लावून त्या रांगेकडे लोभाने पाहत, परंतु न थांबता पुढे जाणारी. पहिल्या मंडळींची कीर्ती दूरवर पोचली आहे. दुसऱ्यांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे ह्या दुसऱ्या मंडळींत मोडतो. परतीच्या वेळी तो पहिल्या मंडळींतही सामील होतो, हेही प्रांजळपणे सांगून टाकलेले बरे.

होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कानडीत 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे आपला कोटच. हा नवा कोट सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५ च्या सुमारास बांधला. नंदीच्या डोंगराळ मुलखातून येणारी दक्षिण पिनाकिनी नदी येथे एका विस्तीर्ण तलावात शिरते. तलावाचा बांध सुमारे दोन मैल लांबीचा असून तलाव भरला म्हणजे त्याचा घेर दहा मैलांहून कमी नसतो, अशी जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे. मराठी वाचकाला ह्या गावाशी आणखी एक नाते सांगता येईल. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले. त्यानंतर शहाजीराजांना ह्या बाजूस जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे ह्यांच्या जोडीला होसकोटेही होते. बंगळूर-कोलार मार्गावर त्या काळी मराठी घोड्यांच्या टापा वाजल्या असतील. आज त्याच मार्गावर मालमोटारींच्या रांगा असतात, आणि सायकलस्वाराने तेथे क्षणभरही रेंगाळू नये हे उत्तम.

रहदारी नसलेल्या रस्त्यांचा विषय निघाला की सायकलप्रेमी माणूस हटकून फ्रान्सचे नाव घेतो, आणि ते अकारण नव्हे. त्या देशात मोठ्या हमरस्त्यांखेरीज जिल्ह्याजिल्ह्यांच्या लहान डांबरी रस्त्यांचे दाट जाळे आहे. नकाशावर ते पिवळ्या अथवा पांढऱ्या रेघेने दाखवलेले असतात, आणि पांढरी रेघ धरून जाणाऱ्याला तासाभरात पाच-सहा मोटारीसुद्धा भेटत नाहीत, असे तेथे जाऊन आलेले मित्र सांगतात. ह्याखेरीज खास सायकलींसाठी राखलेल्या 'हरित वाटा' आहेत. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी ही अशी पहिली वाट १९९७ साली खुली झाली. बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गावरच ती केलेली आहे. आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही. त्यामुळे जुन्या रुळांच्या जागी झालेली वाट लहान मुलांना आणि वृद्धांनाही सोसते. लुआर नदीच्या काठाने तर सुमारे ९०० किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे. गावाबाहेर सायकलीला ओलांडून जाताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडलेच पाहिजे, असा तेथे कायदा आहे.

ही आवड तेथे रुजवणाऱ्यांत पॉल द विव्ही ह्या गृहस्थांचे नाव अग्रभागी येते. १८५३ साली जन्मलेले हे गृहस्थ सेंत-एत्येन गावी रेशमाचा व्यापार करीत. तो सोडून ते सायकलींच्या धंद्यात पडले आणि १८८७ साली त्यांनी सायकलस्वारांसाठी एक नियतकालिक काढले. 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनावाने त्यांनी भराभर जाण्यापेक्षा दूर आणि आनंदाने जाण्याचा पुरस्कार केला. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, आणि केवळ प्रौढी मिरवण्यासाठी पायडल मारू नये, ही त्यांची शिकवण आजही जुने सायकलस्वार नव्यांना ऐकवतात. १९३० साली सायकल हाती धरून रस्ता ओलांडत असता ट्रामगाडीचा धक्का लागून त्यांचा अंत झाला. मोकळ्या रस्त्यांच्या ह्या उपासकाला गावातल्या रहदारीनेच नेले!

होसकोट्याच्या आसपास अशी आखलेली, पाट्या लावलेली वाट एकही नाही. परंतु वाटा आहेत. ह्या तालुक्याच्या कसबा, जडिगेनहळ्ळी, अनुगोंडनहळ्ळी, सुलिबेले आणि नंदगुडी अशा पाच होबळ्या, म्हणजे आपल्याकडील महसुली मंडळांसारखे भाग. हमरस्ता सोडून ह्यांपैकी कोणत्याही भागात दोन किलोमीटर आत शिरले की मालमोटारींचा आवाज मागे राहतो. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे, जेमतेम एक बस जाईल एवढ्या रुंदीचे रस्ते सुरू होतात. ते सरळ जात नाहीत. तलाव आला की वळसा घेतात, शेताचा बांध आला की काटकोनात वळतात. ज्याला घाई आहे तो मोटारवाला म्हणूनच ह्या रस्त्यांना येत नाही, आणि आमची शांतता त्या वळणांवर टिकून आहे.

गावांची नावे हाच येथला नकाशा. 'हळ्ळी' म्हणजे खेडे, 'केरे' म्हणजे तलाव. बोम्मसंद्रासारख्या नावातले 'संद्र' हे मुळात 'समुद्र', आणि येथे समुद्र म्हणजेही तलावच. 'कोडी' म्हणजे तलावाचा सांडवा. जेथे तलाव तेथे बांध, जेथे बांध तेथे बहुधा जुनी झाडे आणि सावली. पाण्याची बाटली भरून घ्यायला तेथे थांबावे. चिंच, करंज आणि वड ही रस्त्याकडेची झाडे. मधूनमधून निलगिरीची निरस रांग. नाचणीची शेते, तुतीचे मळे, उत्तरेकडे सरकावे तसतसे द्राक्षांचे मांडव. तुतीचा पाला गाडीत भरून नेताना दिसला की समजावे, आपण शिडलघट्ट्याच्या रेशीमकोशांच्या मुलखाकडे निघालो आहोत. सेंत-एत्येनच्या त्या रेशीम व्यापाऱ्याला हा रस्ता खचित आवडला असता.

सहाच्या सुमारास प्रत्येक गावी दूधसंस्थेपुढे किटल्या घेऊन बायामाणसे उभी असतात. वाट चुकल्यास त्यांना विचारावे. "होसकोटेगे दारि यावुदु?" एवढे कानडी पाठ असले तर पुरे, उत्तर मात्र हातवाऱ्यांनी मिळते आणि पुष्कळदा दोघे दोन दिशा दाखवतात. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना जडिगेनहळ्ळीच्या बाजूस तिने पहिल्यांदा असा रस्ता विचारला. घरी बोलताना लाजणाऱ्या त्या मुलीने अनोळखी आजीशी तिच्या भाषेत चार वाक्ये बोलून आम्हांला योग्य फाट्यावर आणले. त्या दिवशी आम्ही बावीस किलोमीटर गेलो. शहरात आमच्या घरापासून तिची शाळा दोन किलोमीटरांवर होती, आणि तेथे तिला सायकलीने धाडण्याचे धैर्य आम्हांला कधी झाले नाही. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि मुले सायकलीनेच शाळेत जात, हे तिला सांगितले तर ती गोष्ट तिला शहाजीराजांइतकीच जुनी वाटते.

डिसेंबर-जानेवारीत एक गंमत पाहावयास मिळते, आणि तिच्यात धोकाही आहे. कापलेली नाचणी शेतकरी रस्त्यावरच अंथरतात, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली तिची आपोआप मळणी होते. मोटारीला त्याचे काही वाटत नाही. सायकलीच्या साखळीत आणि गिअरांत मात्र ते काड असे गुंतते की उतरून बोटांनी सोडवत बसावे लागते. ओले असेल तर चाक घसरते. येथे उतरून चालावे. रस्ता आधी त्यांचा आहे.

आता चिंतेची गोष्ट. होसकोटे हे आता आडगाव राहिलेले नाही. १९९८ पासून येथे व्होल्वो मालमोटारींचा कारखाना आहे. पलीकडे नरसापूर आणि मालूर येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. बंगळूरभोवतीच्या नव्या वर्तुळाकार महामार्गाचा दोड्डबळ्ळापूरकडून होसकोट्यास येणारा भाग २०२४ साली खुला झाला, आणि चेन्नईकडे जाणारा द्रुतगती मार्ग तर होसकोट्यापासूनच सुरू होतो. त्याचा कर्नाटकातील सुमारे सत्तर किलोमीटरांचा भाग २०२४ च्या अखेरीस वाहतुकीस मोकळा झाला. अशा मार्गांवर सायकलीला जागा नसते, आणि ते योग्यच आहे. ताशी शंभर किलोमीटरांच्या वेगाशेजारी कोणी जाऊ नये. प्रश्न वेगळा आहे. मोठा रस्ता उंच भरावावरून जातो, आणि त्याला आडव्या येणाऱ्या लहान वाटा भरावाखालच्या बोगद्यांतून काढाव्या लागतात. प्रत्येक वाटेला बोगदा मिळतोच असे नाही. ज्या वाटेला मिळत नाही तिच्यावरचा शेतकरी, शाळकरी मुलगा आणि सायकलस्वार ह्यांना शेजारच्या गावी जाण्यासाठी लांबचा वळसा पडतो, आणि तो वळसा नेमका मोठ्या वाहनांच्या सोबतीने काढावा लागतो. मोटारी किती गेल्या हे कोणीतरी मोजते. सायकली कोण मोजतो? मला मोठ्या रस्त्यांचा राग नाही. त्यांनी मालमोटारी आपल्याकडे ओढून घेतल्या तर लहान रस्ते अधिकच सुखाचे होतील. परंतु त्यासाठी आराखडा करणाऱ्याच्या नकाशावर ती पांढरी रेघ आधी उमटलेली असली पाहिजे.

बंगळूरच्या सायकलस्वारांचा मोठा ओघ नंदीच्या डोंगराकडे असतो. १,४७८ मीटर उंचीचा तो डोंगर चढून जाणे ही एक दीक्षाच मानली जाते. परंतु सुट्टीच्या पहाटे तेथे सूर्योदय पाहणाऱ्यांच्या मोटारींची आणि मोटारसायकलींची इतकी दाटी होते, की मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्याने होसकोट्याची बाजू धरावी, असे माझे मत आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शक्य असल्यास सायकली गाडीवर टाकून होसकोट्याच्या पुढे आणाव्यात आणि तेथून सुरुवात करावी, म्हणजे हमरस्ता टळतो. डोक्यावर शिरस्त्राण, जवळ जादा ट्यूब, हवेचा पंप, केळी, चिक्की आणि थोडे सुटे पैसे असावेत. खेड्यात पंक्चरचे दुकान रविवारी उघडे असेलच असे नाही. कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नये. उतरावे आणि सायकल मध्ये धरून शांतपणे चालावे. नऊच्या आत परतावे.

ज्यांना अधिक लांबचा ध्यास आहे त्यांच्यासाठी फ्रान्सहूनच आलेली एक प्रथा बंगळुरातही चालते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, अशा ठरलेल्या मुदतीत अंतर पुरे करावयाचे; पहिला-दुसरा क्रमांक नाही, बक्षीस नाही. ह्या मालिकेच्या टोकाला पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिस, ही सुमारे १,२०० किलोमीटरांची आणि नव्वद तासांची फेरी आहे. १८९१ साली ती प्रथम झाली तेव्हा ती शर्यत होती, आणि शार्ल तेरों ह्यांनी ती ७१ तासांहून किंचित अधिक वेळात जिंकली. आता ती चार वर्षांनी एकदा होते. २०१९ आणि २०२३ साली भारतातूनही सायकलस्वार तेथे गेले होते.

माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे आणि येत्या हिवाळ्यात दोनशे किलोमीटरांना उतरणार आहे. सरावासाठी तिने स्वतःच वाट आखली: होसकोटे, नंदगुडी, चिंतामणी आणि परत. नकाशावर तिने एका ठिकाणी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे. तेथून गेल्या वर्षीपर्यंत एक लहान रस्ता जात होता. पुढच्या रविवारी तो पाहून यावयाचा आहे.