जिभेचं काम डोळ्यांनी



आज अणदूरला येताना वाटेतच माझ्या विषयाला सुरुवात झाली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर एका ढाब्याशी चहाला थांबलो. बाहेर मोठा फलक होता. त्यावर मटणाची थाळी, लालभडक तर्री, लिंबाची फोड आणि कंपासनं काढल्यासारखी गोल भाकरी. हाच फोटो मी लातूरच्या रस्त्यालाही पाहिलेला आहे. ताट तेच, लिंबू तेच. म्हणजे या ढाब्यावर शिजणाऱ्या मटणाचा तो फोटो नव्हताच. हात धुवायला मागं मोरीपाशी गेलो, तिथून भटारखाना दिसला. काळवंडलेली भिंत, भट्टीचा आवाज, कांद्याचं पोतं, आणि एका कोपऱ्यात बसून भाकरी थापणाऱ्या बाई. त्यांच्या भाकरीला एका बाजूनं भेग गेली होती, आणि ती खरी भाकरी होती.

माझा एक जुना विद्यार्थी हॉटेलांच्या आणि ढाब्यांच्या अशा भटारखान्यांचे फोटो काढतो. फलकावरच्या थाळीचे नव्हे, मागच्या बाजूचे. तो मला एकदा म्हणाला, "सर, चवीचा फोटो निघतो का हो?" मी चाळीसएक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतका सरळ प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता.

आपल्या नैयायिकांचं उत्तर असं की प्रत्येक इंद्रियाचा विषय ठरलेला आहे. रूप डोळ्याला, रस जिभेला, गंध नाकाला. डोळ्याला चव कळत नाही. पण मग ते स्वतःच एक अडचण उभी करतात. लांबवर चंदनाचं खोड दिसतं आणि आपण म्हणतो, हे सुगंधी चंदन. वास तर इथवर आलेला नाही! नैयायिक म्हणतात, पूर्वी घेतलेल्या वासाचं ज्ञानच इथं डोळ्याला जोडून देतं. याला त्यांनी ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती असं भारदस्त नाव दिलं. वेदान्ती म्हणतात, छे, हे प्रत्यक्ष कसलं, वासापुरती ही नुसती आठवण आहे. त्या भांडणात आज शिरायला नको. आपल्या कामाचा मुद्दा असा, की दोघांच्याही मते आधी वास घेतलेला हवा. ज्यानं चंदन हुंगलेलंच नाही, त्याला ते नुसतं लाकूड.

आता येसरच्या आमटीचा फोटो घ्या. तो पाहून तुमच्या तोंडाला पाणी सुटेल. हाच फोटो दिल्लीच्या माणसाला दाखवा. त्याला वाटीभर काळपट पाणी दिसेल. फोटोत चव नसते, ती बघणाऱ्याकडं आधीपासून असावी लागते. म्हणून फोटोखाली चार ओळी लिहाव्याच लागतात, आणि त्या लिहिणं हे अर्धं काम आहे असं मी त्याला सांगितलं. भाकरीच्या फोटोत ज्वारी मालदांडी आहे की संकरित, ते दिसत नाही. पिठाची विरी गेली होती म्हणून आधण घालावं लागलं, तेही दिसत नाही. भेग दिसते, भेगेचं कारण दिसत नाही. प्लेटोनं 'गॉर्जियास' या संवादात स्वयंपाकाला कला मानायला नकार दिला आहे. ती नुसती सवयीनं आलेली हातोटी, कारण सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. प्लेटोनं भाकरी थापून पाहिलेली नसणार. विरी गेलेल्या पिठाला गरम पाणी का, हे इथली कुठलीही बाई कारणासकट सांगेल.

बरं, अन्नाचा फोटो ही काही आजची टूम नाही. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फॉक्स टॅल्बट, यानं १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागानं काढलं. त्यात फळांनी भरलेल्या टोपल्यांचा फोटो आहे. म्हणजे कॅमेरा जन्मला आणि लगेच अन्नाकडं वळला. पुढं जाहिरातवाले आले. पाकाऐवजी इंजिन ऑइल, आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा, भाजीवर ग्लिसरीनचे थेंब! एक प्रकरण तर सरकारदरबारी गेलं. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर दिसावेत. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं यावर हरकत घेतली आणि १९७० मध्ये कंपनीला हा प्रकार थांबवण्याचं मान्य करावं लागलं. गंमत बघा, सूप खरं होतं, भाज्याही खऱ्याच होत्या. खोटं काय होतं? त्यातून होणारी समजूत खोटी होती.

रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंतानं १९५७ च्या आपल्या पुस्तकात एका बायकांच्या मासिकातल्या पदार्थांच्या फोटोंवर लिहिलं आहे. वरून घेतलेले, सॉसनं आणि जेलीनं झाकलेले ते पदार्थ, आणि ते बघणाऱ्या वाचक बायका बहुतेक साध्या घरातल्या. ते पदार्थ त्यांनी करायचे नव्हतेच, बघायचे होते. आपल्या मोबाईलवर आज रोज जे येतं ते याहून फार वेगळं नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते कुणाचं स्वयंपाकघर नोंदलं गेलं, याबद्दल. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. इथून फार लांब नाही. तिथं बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजानं अन्न कसं भोगावं यावर सविस्तर प्रकरण आहे. मांडे आहेत, डाळींचे प्रकार आहेत, मांसाचे तर किती तरी. शेतातले उंदीर भाजून खाण्याची कृतीसुद्धा आहे! राजानं खाल्लं ते ग्रंथात गेलं. त्याच मुलखात शेतावर राबणाऱ्यानं काय खाल्लं, त्याचा ग्रंथ झाला नाही. त्यासाठी २०१५ साल उजाडावं लागलं. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचं अन्न, वाळवून ठेवलेल्या चान्या, तेलातुपाशिवाय निभावलेलं कालवण, हे सगळं त्यांनी नावानिशी मांडलं. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग शहरातल्या मंडळींना कळलं की असंही एक मराठी अन्न आहे. 'पूर्णब्रह्म' म्हणत पंगतीला बसणाऱ्यांना त्या नावातला 'अ' टोचला पाहिजे.

हा कॅमेरावाला आता तेच काम दुसऱ्या हत्यारानं करतो आहे. आणि इथं अडचण येते. त्यानं एका ढाब्यावरच्या वस्तादाचा फोटो काढायला घेतला, तर वस्ताद म्हणाला, "भांड्याचा काढा, भट्टीचा काढा, माझा नको." कारण विचारलं. सासुरवाडीला सांगितलं होतं की जावई हॉटेलात मॅनेजर आहेत. दुसरीकडं एक मावशी म्हणाल्या, "थांब रे बाबा, लुगडं बदलून येते, तोंड धुते." हा म्हणाला, "नको मावशी, आहात तशाच बसा, असंच चांगलं दिसतं." मावशी बसल्या, पण चेहरा उतरला. तो फोटो पुढं पुष्कळ लोकांना आवडला.

मी त्याला म्हटलं, तू चुकलास. त्याला वाईट वाटलं. त्याचा मुद्दा असा की धूर, काजळी, घाम हेच तर सत्य आहे, ते पुसलं तर फलकावरच्या थाळीत आणि माझ्या फोटोत फरक काय राहिला? मुद्दा हलका नाही. पण मावशींची काजळी त्यांच्या मालकीची आहे. कुणाच्या घरी फोटोवाला आला की आपण केस नीट करतो, आणि त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. मग कष्टकरी बाईनंच विस्कटलेलं का दिसायचं? बघणाऱ्याला गरिबी अस्सल हवी असते, ही बघणाऱ्याची भूक. कॅमेऱ्यासमोरच्या बाईवर ती लादू नये. अलीकडं यावर पळवाट निघाली आहे. नुसते हात दाखवायचे. पिठात माखलेले हात, मिरची कुटणारे हात. सुंदर दिसतात, मान्य. पण शंभर फोटो पाहिल्यावर वाटतं, मराठवाड्यातल्या बायकांना तोंडच नाही की काय! वस्तादानं नको म्हटलं तिथं हात दाखवा. मावशी हो म्हणतात तिथं चेहराही दाखवा आणि खाली नावही लिहा.

हे मी इतकं आग्रहानं का सांगतो? माझ्या आईचे आमच्याकडं पाच-सहा फोटो आहेत. सगळे लग्नांतले, नऊवारीत, ताठ उभी. भिंतीवरचा हार घातलेला फोटोही एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला. चुलीपुढं तिचा एकही नाही. तिच्या येसरात धणे किती, बाजरी किती, डाळ कुठवर भाजायची, हे कुणी विचारलं नाही. बहिणीनं नंतर करून पाहिलं, चांगलं झालं, पण ते तिचं नव्हतं. चंदन हुंगलेले आम्ही आता चार जण उरलो आहोत.

तर अणदूरकरांनो, एक विनंती. तुमचा खंडोबा वर्षातला बराच काळ इथं आणि काही काळ नळदुर्गच्या मैलारपुरात असतो. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवताना देवाचे फोटो सगळेच काढतात. त्या वेळी रोडगे भाजणाऱ्याकडंही एकदा कॅमेरा वळवा. पुढं येळवस येते. शेतातल्या कोपीचा, पांडवांचा, पंगतीचा फोटो तर तुम्ही काढताच. आदल्या रात्री उठून भज्जी ढवळणारी, आंबिलीसाठी ताक घुसळणारी जी कुणी घरात असेल, तिला आधी विचारा. ती लुगडं बदलते म्हणाली तर थांबा. मग काढा. आणि भज्जीत तिनं काय काय घातलं ते तिच्याच शब्दांत, तारखेसकट, लिहून ठेवा.