मोजून मीठ

गोल्डफिश टाकीच्या तळाशी बसून राहिला, त्याचे पर मिटले, अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले, की पहिला सल्ला ठरलेला असतो: पाण्यात मूठभर खडेमीठ टाका. हा सल्ला अडाणीपणाचा नाही. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हे खरेखुरे औषध आहे आणि मत्स्यशेतीतही ते नेहमी वापरले जाते. चुकते ते दोन ठिकाणी: मीठ मुठीने मोजले जाते, आणि आजार कोणता हे कोणी विचारत नाही. मीठ माशाला नेमके कसे उपयोगी पडते ते समजले, तर ते कधी घालावे, किती घालावे आणि कधी हातही लावू नये, हे आपोआप उलगडते.

भिजत घातलेला मनुका फुगतो आणि मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, यामागचा नियम एकच आहे. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात ढोबळ मानाने लिटरला ९ ग्रॅम मिठाइतका खारटपणा असतो; भोवतालच्या पाण्यात त्याचा अगदी थोडा अंश. त्यामुळे कल्ल्यांच्या नाजूक पडद्यातून पाणी रात्रंदिवस आत शिरत असते आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मासा आयुष्यभर या मनुक्याच्या अवस्थेत जगतो. तो पाणी जवळजवळ पीत नाही, मूत्रपिंडे भरपूर पातळ लघवी करून जादा पाणी बाहेर काढतात, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून क्षार ओढून घेतात. या कामाला शक्ती लागते. अंगावर जखम झाली किंवा परजीवींनी कल्ले पोखरले, की गळती वाढते आणि शक्ती मात्र घटलेली असते. अशा वेळी पाण्यात लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ असेल, तर आतल्या-बाहेरच्या खारटपणातली दरी थोडी कमी होते आणि वाचलेली शक्ती जखम भरण्याकडे वळते. जखमेवर मीठ चोळणे हा आपल्याकडे क्रूरपणा. या प्रमाणातले मीठ जखमी माशाला मात्र विसावा देते.

मिठाचा सर्वांत भक्कम उपयोग नव्या टाकीत दिसतो. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात नायट्राइट साचते. कल्ल्यांतल्या ज्या वाटेने क्लोराइड आत घेतले जाते, त्याच वाटेने नायट्राइटही शिरते, रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवते आणि रक्त तपकिरी पडते. पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर ही वाट त्यानेच अडते. त्यासाठी ५ लिटरला १ ग्रॅम मीठही बहुधा पुरते. दुसरा उपयोग पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर. इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, पिकल्यावर गळून पडतो, तळाशी त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ती पिल्ले नवा मासा शोधत पोहतात. मीठ त्वचेखालच्या परजीवीपर्यंत पोहोचत नाही. ते पाण्यात उघड्यावर आलेल्या अवस्थांना मारते. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणे घातक ठरते. ठिपके गेले म्हणजे परजीवी गळून तळाशी गेला, एवढेच तेव्हा खरे असते. साधारण २५ अंश तापमानात हे चक्र आठवड्याच्या आत फिरते, थंड पाण्यात कितीतरी लांबते. म्हणून १० ते १४ दिवस मीठ टिकवावे लागते.

याच तर्काने मिठाच्या मर्यादाही कळतात. पोटातले जंत, बद्धकोष्ठतेमुळे बिघडलेला तोल, मूत्रपिंडे निकामी होऊन फुगलेले पोट हे पाण्यातले मीठ बरे करत नाही. अमोनियाची विषबाधाही ते उतरवत नाही. उलट फिल्टरमध्ये झिओलाइट असेल, तर त्याने धरून ठेवलेला अमोनिया मीठ पुन्हा पाण्यात सोडते. कोरिडोरास आणि लोच यांसारखे मासे मिठाला नाजूक असतात, काही पाणवनस्पतीही कोमेजतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवून उपचार करणे म्हणूनच बरे.

यावर काही जण म्हणतील, आमच्या टाकीत बारा महिने थोडे मीठ असते आणि मासे ठणठणीत आहेत. मॉली किंवा गप्पीला ते सहज सोसते, हे खरे. पण निरोगी मासा क्षारांचा तोल स्वतःच राखतो. त्याला रोजच्या मिठाने काही मिळत नाही, आणि सततच्या सौम्य मिठात तगणारे परजीवी मात्र निवडून वाढू शकतात. दुसरा आक्षेप आयोडीनचा. आयोडीनयुक्त मिठातले आयोडीन इतके अल्प असते की या प्रमाणात त्याने मासा मरत नाही. तरीही काहीच न मिसळलेले जाडे मीठ उत्तम; सैंधव किंवा पादेलोण नको. तिसरे म्हणणे असे की, बाटलीतली औषधे अधिक नेमकी असतात. काही रोगांत ती लागतातच. पण मॅलकाइट ग्रीनसारखे प्रभावी रसायन स्वतः विषारी आहे. जिथे मीठ पुरते तिथे त्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

मात्र ते वजन करून घ्यावे, कारण चमचाभर बारीक आणि चमचाभर जाडे मीठ यांचे वजन सारखे नसते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच टाकीत ५४ लिटर मावतात. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली तर सुमारे ४५. लिटरला २ ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम. ते तीन भाग करून, टाकीच्याच पाण्यात विरघळवून, एक-दोन दिवसांत घालावे. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी साधे पाणी भरावे आणि पाणी बदलताना फक्त काढलेल्या पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. ११ लिटर बदलले, तर २२ ग्रॅम. उपचार संपला की हळूहळू पाणी बदलत सगळे मीठ काढून टाकावे. आणि पहिला ग्रॅम तोलण्याआधी अमोनिया व नायट्राइट तपासावे. माशाचे दुखणे बहुतेकदा पाण्यातूनच सुरू झालेले असते. मीठ त्याला काही दिवस तगवते, आणि तेवढ्या दिवसांत पाणी सुधारणे हे पाळणाऱ्याचे काम आहे.