डेपोच्या जागेवर टॉवर उभा राहिला, तर बस कुठे जाणार?

१४ मे २०२५ रोजी दहिसर ते काशीगाव या टप्प्यावर मेट्रो ९ ची चाचणी झाली. मिरा-भाईंदरकरांसाठी हा मोठा दिवस होता. मुंबईला जायचं तर एकतर लोकलची गर्दी, नाहीतर दहिसर टोलनाक्याची कोंडी, हे गणित वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

पण मेट्रोचे खांब उभे राहिले की आजूबाजूच्या जमिनीचे भावही चढतात. मग लक्ष जातं ते शहराच्या मालकीच्या मोक्याच्या जागांकडे. बस डेपो, बस स्थानकं, स्टेशनबाहेरचे मोकळे भूखंड. अशा जागांसाठी एक कल्पना हमखास पुढे येते: खाली बस, त्यावर दुकानं, वर ऑफिसं आणि घरं.

कल्पना चांगली आहे. पण महाराष्ट्राचा आजवरचा अनुभव असा की इमारत उभी राहते, बसचं मात्र सांगता येत नाही. कधी जमतं आणि कधी फसतं, ते बघू.

टीओडी म्हणजे नेमकं काय?

ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, थोडक्यात टीओडी. म्हणजे जिथे रेल्वे, मेट्रो किंवा बसची चांगली सोय आहे, तिथेच जास्त घरं, दुकानं आणि ऑफिसं बांधायची. लोकांनी घरातून चालत स्टेशन गाठावं आणि गाडी काढायची गरजच पडू नये, हा त्यामागचा विचार.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये याचं राष्ट्रीय धोरण आणलं. स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटरचा, म्हणजे साधारण दहा मिनिटं चालण्याचा परिसर त्यात धरला आहे. तिथे दाट वस्ती, सलग फूटपाथ, परवडणारी घरं आणि मर्यादित पार्किंग असावं, असं हे धोरण सांगतं. त्यामुळे मेट्रोजवळ नुसता उंच टॉवर बांधला आणि त्याला चार मजली पार्किंग दिलं, तर त्याला टीओडी म्हणता येत नाही.

मिरा-भाईंदरला याची गरज का?

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेला मुंबईची हद्द. शिवाय मिठागरं आणि कांदळवनं. शहराला पसरायला जागा कमीच. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती.

दुसरा मुद्दा शेवटच्या टप्प्याचा. मेट्रो ९ दहिसरहून पांडुरंगवाडी, मिरागाव, काशीगाव करत मुख्य रस्त्याने पुढे भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानाकडे जाते. मिरा रोडचं रेल्वे स्थानक या रस्त्यापासून बाजूला आहे. मेट्रोतून उतरलेल्या माणसाला शांतीनगर, उत्तन किंवा घोडबंदरला जायचं तर बस लागणार, नाहीतर रिक्षा. म्हणजे मेट्रो आली म्हणून बसची गरज कमी होत नाही, उलट वाढते. आणि बस वाढवायच्या तर त्या रात्री उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला आणि चार्ज करायला जागा हवी. तिलाच डेपो म्हणतात.

पैसा येतो कुठून?

एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकातून. समजा, १०,००० चौरस मीटरचा डेपो आहे. एफएसआय १.१ असेल तर तिथे ११,००० चौरस मीटर बांधकाम होईल. पुण्यात मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या आत भूखंड आणि रस्त्याच्या रुंदीनुसार ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. तसा मिळाला तर त्याच जागेवर ४०,००० चौरस मीटर बांधता येईल.

हे वाढीव २९,००० चौरस मीटर कुठल्याही बिल्डरने निर्माण केलेले नसतात. ते मिळतात सरकारच्या नियमामुळे, आणि त्यांना भाव येतो लोकांच्या पैशातून बांधलेल्या मेट्रोमुळे. म्हणून त्या नफ्यातला मोठा वाटा सार्वजनिक वाहतुकीकडे परत आला पाहिजे. हाँगकाँगची मेट्रो कंपनी अनेक वर्षं हेच करते. स्थानकांवरच्या आणि आजूबाजूच्या इमारतींतून कमावते आणि तो पैसा रेल्वेत घालते.

जिथे जमलं: वाशी

याचं देशातलं जुनं उदाहरण मिरा-भाईंदरपासून फार लांब नाही. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला पोचली. नवी मुंबईतल्या या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोकडे पैसा होता तो जमिनीतून. वाशी स्टेशनवर मोठं व्यापारी संकुल उभं राहिलं आणि फलाटावरून थेट ऑफिसात जाता येऊ लागलं.

पुढच्या काही स्थानकांवरचे गाळे मात्र वर्षानुवर्षं रिकामे राहिले. संकुल बांधलं की गिऱ्हाईक आपोआप येतं असं नाही, हा त्यातला धडा. पण क्रम बरोबर होता. जमिनीचा पैसा आधी रुळांमध्ये गेला.

जिथे घोडं अडलं: बेस्ट

मुंबईत बेस्टने २००० च्या दशकात कुर्ला, माहीम, मागाठाणे, ओशिवरा अशा काही आगारांच्या जागा व्यापारी विकासासाठी खासगी विकासकांना दिल्या. हेतू होता तोटा भरून काढण्याचा. पुढे विकासकांकडची थकबाकी आणि त्यावरचे वाद गाजत राहिले. इमारतीखालच्या आगारात बसला जागा अपुरी पडते, अशा तक्रारी झाल्या.

२०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून जास्त बस होत्या. २०२५ पर्यंत तो आकडा भाड्याच्या गाड्या धरूनही तीन हजारांच्या आत आला. याला आगारांचा विकास हेच कारण आहे असं नाही, इतर बरीच कारणं आहेत. पण एक गोष्ट दिसून आली. जमिनीतून एकदा मिळालेली रक्कम दरवर्षी होणारा तोटा भरून काढू शकत नाही. रक्कम संपते, जागा परत येत नाही.

बसला नेमकं काय लागतं?

१२ मीटर लांबीची बस वळवायला बाहेरच्या बाजूने साधारण १२ मीटरची त्रिज्या लागते. टॉवरचे खांब मात्र फ्लॅट आणि कार पार्किंगच्या हिशोबाने पडतात, बऱ्याचदा आठेक मीटरवर. अशा खांबांमधून बस काढणं ड्रायव्हरसाठी रोजची कसरत. डबलडेकर न्यायची तर छत पुरेसं उंच हवं. इलेक्ट्रिक बससाठी वेगळं वीज उपकेंद्र लागतं, आणि वर माणसं राहणार असतील तर आगीपासून बचावाची कडक व्यवस्था.

हे सगळं नकाशातच ठरवावं लागतं. इमारत झाल्यावर खांब हलवता येत नाहीत. आणि बांधकामाच्या तीन-चार वर्षांत बस कुठे उभ्या राहणार, हेही आधीच ठरावं लागतं.

जमीन किती वर्षांसाठी द्यायची?

जमीन विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याने देणं बरं, कारण मालकी शहराकडे राहते. पण मुदत किती? एसटी महामंडळाच्या जागांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ही मुदत ४९ अधिक ४९, म्हणजे ९८ वर्षांपर्यंत नेली. मुदत मोठी असेल तर बँका कर्ज देतात आणि गुंतवणूकदार येतात, हा त्यामागचा युक्तिवाद. दुसरी बाजू अशी की बसचं आयुष्य १२ ते १५ वर्षांचं असतं. ९८ वर्षांत शहराची गरज किती वेळा बदलेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी भाडं वाढण्याची आणि गरज पडल्यास बससाठी जागा वाढवून मिळण्याची अट करारातच हवी.

नागरिकांच्या हातात काय आहे?

बरंच काही. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार पालिकेची जमीन विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना मोबदला बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. डेपोचं आरक्षण बदलायचं असेल, तर एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना मिळतो. या नोटिसा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येतात आणि महिना बघता बघता निघून जातो.

उद्या मिरा-भाईंदरमध्ये असा प्रस्ताव आला, तर चार गोष्टी विचारायला हव्यात. आज इथे किती बस उभ्या राहतात आणि उद्या किती राहतील? काम चालू असताना त्या कुठे असतील? मिळणारा पैसा परिवहनच्या वेगळ्या खात्यात जाईल की पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत? आणि मेट्रोतून उतरलेला माणूस रस्ता न ओलांडता, पावसात न भिजता बसपर्यंत पोचेल का?

या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली, तर टॉवर कितीही उंच झाला तरी हरकत नाही.