बिऱ्हाड गुहागरला, किल्ली मुंबईला

सुटीत गुहागरला जाताना मुंबईचा संगणक नेण्याऐवजी बाह्य हार्डडिस्कवर उबुंटू बसवून तेवढीच न्यावी, ही कल्पना आकर्षक आहे. प्रत्यक्षात काही वेळा दुहेरी फजिती होते. गावचा संगणक त्या डिस्कवरून सुरू होत नाही आणि मुंबईच्या संगणकावर विंडोजऐवजी ‘ग्रब’ असे लिहिलेला काळा पडदा दिसतो. सगळी माहिती गेली, या समजुतीने मग डिस्क फॉरमॅट केली जाते. तसे करण्याची बहुधा गरज नसते.

दोष असतो तो बूटलोडरच्या जागेचा. कार्यप्रणालीला जागे करणारा हा छोटा प्रोग्रॅम जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपासून सुरू होई. यूईएफआय पद्धतीत तो फॅट-३२ स्वरूपाच्या स्वतंत्र ईएफआय विभागात असतो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बाह्य डिस्क निवडली तरी ग्रब अंतर्गत डिस्कच्या विभागात जाऊन बसे. त्याची उरलेली सामग्री मात्र बाह्य डिस्कवर असल्याने दोन्हीकडे खोळंबा होई.

अशा वेळी विंडोज सहसा शाबूत असते. यूईएफआय संगणकाच्या बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडून पाहावे. मुळातच हा प्रसंग टाळायचा, तर उबुंटू बसवण्यापूर्वी अंतर्गत डिस्कची जोडणी काढावी आणि बाह्य डिस्कवर स्वतंत्र ईएफआय विभाग करावा. परक्या संगणकात आपल्या प्रणालीची नोंद नसते. तो त्या विभागातील ‘बूट’ फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल शोधतो. ग्रब ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय देऊन बसवल्यास ती फाइल तेथे तयार होते. बिऱ्हाड हलवताना किल्लीही सोबत घ्यावी, हेच खरे.