पोराला रायफल घ्यायचीय? आधी धक्का, छर्रे आणि कायदा समजून घ्या

चाकण : अमेरिकेतले शिकारीचे व्हिडिओ आता खेड, मावळ, शिरूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या मोबाईलवरही फिरतात. बाप दहा-बारा वर्षांच्या पोराला जंगलात नेतो, त्याच्या हातात छोटी रायफल देतो आणि पोरगं हरीण पाडतं. खाली चर्चा असते ती लहान मुलाला कोणती रायफल झेपेल, कोणत्या गोळीचा धक्का कमी बसेल याची. हे पाहून आपल्याकडची पोरंही घरात हट्ट धरतात. एमआयडीसीत जमीन गेलेल्या किंवा कंपनीत पर्मनंट असलेल्या बापाच्या हातात चार पैसे असतात. मग वाढदिवसाला छर्ऱ्याची बंदूक घरी येते, आणि पहिला नेम धरला जातो तो झाडावरच्या पारव्यावर नाहीतर बांधावरच्या मोरावर.

म्हणून पोराला रायफल घ्यायची का, घ्यायची तर कोणती आणि नेम कशावर धरायचा, हे नीट समजून घेऊ.

हरणाची शिकार आपल्याकडे का नाही?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा ठरलेला हंगाम असतो. तिथली राज्य सरकारं त्याचे परवाने देतात आणि बऱ्याच राज्यांत मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मुलांनाही परवानगी मिळते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. चिंकारा, काळवीट, सांबर, चितळ, भेकर यातल्या कशाचीही हौस म्हणून शिकार करता येत नाही. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, हाकलत नेणं, आमिष लावणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. नेम चुकला म्हणून सुटका होत नाही.

काळवीट, चिंकारा आणि मोर हे पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मोठं नाव असलं तरी खटला चुकत नाही. १९९८ मध्ये जोधपूरजवळ कांकाणी इथं काळवीट मारल्याच्या प्रकरणात अभिनेता सलमान खानला २०१८ मध्ये खालच्या कोर्टानं ५ वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे जामीन मिळाला, अपील झालं, पण वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याच.

आपल्याच पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं हे माळरान चिंकाऱ्यासाठी राखलंय. इकडे खेड-आंबेगावच्या डोंगरात भीमाशंकर अभयारण्यात भेकर आणि शेकरू आहेत. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, म्हणजे तुमच्या शेतात चरायला आलेल्या जनावरालाही हाच कायदा लागू आहे.

"पण रानडुकरं पीक खातात त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याची वाट वनखात्याच्या कार्यालयातून जाते. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाई मिळते. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ते काम पोराच्या हाती द्यायचं नसतं. घरात पीकसंरक्षणासाठी ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असेल, तर तिचा परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानंच ती हाताळायची. पोराला "एक बार काढ" म्हणून देणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि परवाना जातो तो वेगळाच.

धक्का म्हणजे काय, तो इतका महत्त्वाचा का?

त्या व्हिडिओतली एक गोष्ट मात्र खरी आहे. मुलाला पहिली बंदूक देताना सगळ्यात आधी पाहायचा तो तिचा धक्का.

गोळी जितकी जड आणि जितक्या वेगानं पुढे जाते, तितक्या जोरानं बंदूक मागे खांद्यावर आदळते. बंदूक वजनानं हलकी असेल तर हाच धक्का आणखी जाणवतो. थोडा हिशेब पाहा. बारा बोअरच्या काडतुसातून साधारण २८ ते ३२ ग्रॅम छर्रे एकदम सुटतात. अमेरिकेत मुलांसाठी हलकी मानली जाणारी हरणाची रायफल सहा-साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगानं फेकते. पॉइंट टू टू रायफलची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते. आणि एअर रायफलचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७०-१८० मीटर. म्हणजे शिकारीच्या रायफलीपुढे एअर रायफलचा धक्का काहीच नाही.

पोराला पहिल्याच दिवशी मोठा धक्का बसला की ते पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतं, खांदा चोरतं. ही दचकण्याची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. आपल्याकडे वाद घालण्याचं कारणच नाही. कायद्यानं आणि शिकण्याच्या दृष्टीनंही मुलाची पहिली रायफल ४.५ मिलिमीटरची एअर रायफलच.

कोणती एअर रायफल?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

पहिला, नळी मोडून स्प्रिंग दाबायचा. काही हजारांत मिळतो, म्हणून गावात हाच दिसतो. यात बारुद नसली तरी एक वेगळा झटका असतो. स्प्रिंग सुटली की आतला दट्ट्या पुढे धावतो, तेव्हा बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे उडी घेते. अशी बंदूक घट्ट आवळून धरली की नेम हलतो. तळहातावर सैल ठेवली की बरी चालते. दुसरी अडचण म्हणजे नळी मोडायला जोर लागतो. पोराला ते झेपत नसेल तर बंदूक त्याच्यासाठी नाही. छर्रा भरताना नळी एका हातानं पक्की धरून ठेवायची, सुटली तर बोटं चेंगरतात. छर्रा न घालता रिकामा बार काढू नये, त्यानं दट्ट्या आणि स्प्रिंग खराब होते.

दुसरा, दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारा. हा जवळपास हलतच नाही. स्पर्धेतली मुलं हाच वापरतात. पण परदेशी स्पर्धेची रायफल लाखाच्या पुढे जाते, शिवाय हवा भरायचा पंप वेगळा. पहिल्याच दिवशी इतका खर्च करू नका.

दुकानात नेऊन तीन गोष्टी तपासा :

१. लांबी. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवला की बोटाचं टोक ट्रिगरपर्यंत आरामात पोचलं पाहिजे. पोरगं मान ताणत असेल तर बंदूक लांब आहे.

२. वजन. रिकामी रायफल नेमाच्या अवस्थेत मिनिटभर धरायला सांगा. हात थरथरला, कंबर मागे झुकली, तर जड आहे. शिकताना टेकू द्यायला हरकत नाही.

३. डोळा. दोन्ही हात पुढे करून अंगठ्या-बोटांचं छोटं भोक करायचं आणि त्यातून लांबचा खांब पाहायचा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं खांब भोकातच राहतो, तो त्याचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा निघाला तर आधी प्रशिक्षकाला विचारा.

छर्रे कोणते?

कागदी लक्ष्यासाठी चपट्या तोंडाचे छर्रे घ्यावेत. ते कार्डावर स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजायला सोपं जातं. टोकदार छर्रे जास्त घुसतात, पोराला त्यांचं काही काम नाही. लोखंडी गोळ्या तर नकोच, त्या कडक वस्तूवरून उलट्या येतात. छर्रे शिशाचे असतात. भरताना तोंडात धरायची पोरांना सवय असते, ती पहिल्या दिवशीच मोडा. सराव झाला की साबणानं हात धुवूनच भाकरीला हात लावायचा.

परवाना लागतो का?

नळी ४.५ मिलिमीटरची आणि ताकद २० जूलच्या आत असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. पक्की पावती घ्या, जपून ठेवा. त्यावरची कोणतीही बंदूक घेण्याआधी परवान्याची चौकशी करा. चाकण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं, राजगुरुनगरच्या पुढची गावं ग्रामीण पोलिसांकडे. बारुदीची बंदूक २१ वर्षांखालच्या मुलाला बाळगता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती १२ वर्षांवरच्या मुलांना देखरेखीखाली सवलत आहे.

परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असं नाही. एअर रायफलचा छर्रा डोळा कायमचा घालवतो. मागे वाळूची पोती असल्याशिवाय बार काढू नका. पत्रा, दगड, भिंत, पाणी यावरून छर्रा कुठंही वळतो. डोळ्यावर चष्मा, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. काम झालं की बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात. आणि बंदूक घेऊन रील टाकू देऊ नका. पोलीस घरी आले की एअर रायफल होती हे सांगत बसावं लागेल.

मग नेम कशावर?

१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत मधला १० गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हरणाच्या अंगावर नेम धरण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे, आणि यात नावही होतं.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हे ताजं उदाहरण. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो घडला, मध्य रेल्वेत नोकरीला लागला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली होती. शालेय स्पर्धांतही एअर रायफल आहे, आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे.

चाकण पट्ट्यातल्या पालकांना बालेवाडी लांब नाही. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत नेमबाजीची रेंज आहे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारलं तर प्रवेश आणि स्पर्धांची माहिती मिळते. पोराला आधी दोन-तीन महिने रेंजवरच्या रायफलीवर शिकू द्या. बऱ्याच पोरांची हौस तेवढ्यात फिटते आणि तुमचे पैसे वाचतात. ज्याची हौस टिकेल, त्याच्या मापाची रायफल कोणती हे त्याचा प्रशिक्षक सांगेल. तोपर्यंत दुकानात जायची घाई नको.

आपल्या शिवारात कुणी बंदूक घेऊन जनावराच्या मागे फिरताना दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा ११२ वर कळवा.