आमच्या पंगतींतील मेक्सिको

परक्या मुलखाचें अन्न घरांत येऊं लागलें कीं आपल्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांतूनहि दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस त्यांत आचाराचा लोप दिसतो, तरुण मंडळींस नव्या जगाची चव लागते. आणि ह्या दोहोंच्या मध्यें चुलीपाशीं उभी असलेली घरची सून एका वेळचा स्वयंपाक दोन प्रकारांनीं करूं लागते. भोर आणि वेल्हे ह्या पुणें जिल्ह्यांतील डोंगरी मुलखांत हा प्रश्न अलीकडे घरोघर ऐकूं येतो. मुलें-मुली पुण्यास शिकतात, नोकऱ्या करतात, आणि सुटीच्या दिवशीं कापूरहोळच्या किंवा नसरापूरच्या फांट्यावरून घराकडे वळतात. येतांना ती नवीं नांवें घेऊन येतात. मक्याच्या पोळींत घेवड्याची उसळ दुमडून खातात त्यास टाको म्हणतात, हें आतां नातवंडें आजीला सांगतात. "असें चांगलें मेक्सिकन जेवण इकडे कोठें मिळेल?" हा नातवंडांचा प्रश्न, आणि "तें आपल्याला चालतें का?" हा आजीचा. दोन्ही प्रश्न वाजवी आहेत. दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं, म्हणजे आपल्याच कोठीघरांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

बिस्किटाचें ग्रामण्य

अन्नावरून घरें दुभंगण्याचा अनुभव आपल्या समाजास नवा नाहीं. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें भरलेल्या एका सभेनंतर पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पाहुण्यांमध्यें रानडे व टिळक ह्यांच्यासारखे पुढारी होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरला. पण गोपाळराव जोशी ह्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलीं आणि मोठें ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें तेव्हां सुधारक त्यांच्यावर रागावले, आणि घेतलें नव्हतें तोंवर सनातनी रागावलेले होतेच. आज तीच बिस्किटें भोरच्या वाड्यांतून चारच्या चहाबरोबर आजोबांपुढें येतात आणि कोणाच्या मनांत किंतु येत नाहीं. पावाचीहि तीच कथा. त्याचें नांव पोर्तुगीज, त्याची कृति पाश्चात्य. परंतु मिसळीच्या शेजारीं तो असा बसला आहे कीं त्याला परका म्हणण्याचें कोणास सुचत नाहीं. एका पिढीचें ग्रामण्य दुसऱ्या पिढीची न्याहारी होते, एवढा बोध ह्या इतिहासांतून घेतला तरी पुष्कळ झालें.

एकादशीचें ताट

आतां घरांतील अत्यंत सोंवळें असें ताट, म्हणजे एकादशीचें ताट, तपासून पाहूं. साबुदाण्याची खिचडी, तींत दाण्याचें कूट, बटाट्याच्या फोडी व हिरवी मिरची. बाजूस रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि पपईची एक फोड. ह्या ताटांतील बहुतेक सर्व वस्तूंचें मूळ माहेर अमेरिका खंड आहे. शेंगदाणा व बटाटा दक्षिण अमेरिकेंतले, रताळें उष्ण अमेरिकेंतलें, मिरची व पपई मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांतील. कोलंबसाची पहिली सफर १४९२ ची; वास्को-द-गामा कालिकतेस पोंचला १४९८ त; पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें १५१० त. ह्या वाटांनीं जीं रोपें व बियाणीं आलीं तीं हळूहळू घाट चढून देशावर आलीं. मिरची येण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांची जीभ मिऱ्यांनीं व आल्यानें भाजत असे. नव्या वस्तूला नांवहि त्यांनीं मिऱ्यावरूनच दिलें.

साबुदाण्याची हकीकत तर ह्याहून मौजेची आहे. मूळ साबुदाणा मलायाकडील सागू नांवाच्या ताडाच्या गाभ्यापासून होत असे व जहाजांतून येत असे. दुसऱ्या महायुद्धांत तो माल येईनासा झाला. तेव्हां १९४३ च्या सुमारास सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून तसाच दाणा करण्याचा धंदा सुरू झाला. हा कंद मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. म्हणजे आपल्या उपवासाच्या खिचडींत मलायाचें नांव, ब्राझीलचा कंद आणि तामिळ कारागिरी अशीं तिन्ही एकवटलीं आहेत.

राजगिऱ्याचा लाडू मात्र खास मेक्सिकोचा सोयरा. राजगिऱ्याची लागवड मेक्सिकोंतील लोक स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं फार प्राचीन काळापासून करीत होते. ते त्याच्या पिठांत मध अथवा मधुर रस मिसळून देवतांच्या मूर्ति घडवीत व प्रसाद म्हणून वांटून खात. स्पॅनिश लोकांनीं १५२१ सालीं त्यांची राजधानी जिंकल्यावर हा मूर्तिपूजेचा प्रकार म्हणून दडपून टाकला. तरी धान्य टिकलें. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर राजगिऱ्याच्या लाह्या मधांत किंवा गुळांत वळून वड्या विकतात. त्या मिठाईस तेथें 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, असें नांव आहे. आपल्या आजीचा राजगिऱ्याचा लाडू ह्याहून फारसा निराळा नाहीं. तेथेंहि तें देवाचें धान्य आणि येथेंहि तें व्रताचें धान्य!

उलट, चातुर्मासांत आपण वर्ज्य करतों तीं वांगीं ह्याच देशांतील आहेत, आणि कांदा-लसूणहि येथें हजारों वर्षांपासून नांदत आहेत. जुनें तें वर्ज्य आणि दूरदेशीचें तें ग्राह्य, असा हा उलटा न्याय कसा झाला? नवीं कंदमुळें व फळें धान्याच्या वर्गांत बसत नव्हतीं, म्हणून उपवासास तीं सहज चाललीं, असें म्हणतां येईल. श्राद्धाच्या स्वयंपाकांत मात्र कांहीं घरीं अद्यापि मिरचीऐवजीं मिरें आणि आलें घालतात. पांचशें वर्षांपूर्वींच्या आपल्या पाकशाळेची चव ज्यास पाहावयाची असेल त्यानें तें ताट लक्षपूर्वक पाहावें. दसऱ्याचें तोरण बांधतांना एवढेंहि ध्यानांत असूं द्यावें कीं झेंडू हेंहि मेक्सिकोचेंच फूल आहे, आणि तेथील लोक आपल्या पितरांच्या सणास ह्याच फुलांच्या राशी रचतात.

पाटा, तवा आणि चुना

वस्तूंचें नातें एवढें जवळचें, तर पाकक्रियेचें कसें असेल? मेक्सिकोच्या खेड्यांतील गृहिणी दगडी पाट्यावर दगडी वरवंट्यानें मका वाटते. आपल्याकडील पाट्यास उतार नसतो व तिच्या पाट्यास पाय असतात, एवढाच काय तो भेद. मातीच्या तव्यावर ती पातळ भाकरी भाजते. तिला तेथें 'तोर्तिया' म्हणतात. टोमॅटो, मिरची, कांदा व कोथिंबीर एकत्र करून ती जें तोंडीलावणें करते तें आपल्या कोशिंबिरीचें व ठेच्याचें भावंड होय. कणसाच्या पानांत पीठ गुंडाळून ती उकडते. आपण हळदीच्या पानांत पातोळ्या उकडतों. पावसाळ्यांत वरंध घाटाच्या वाटेवर भाजलेल्या कणसास लिंबू, मीठ व तिखट चोळून देतात. मेक्सिकोच्या चौकांतहि तसेंच देतात. त्यांतील लिंबू व कोथिंबीर त्यांच्याकडे आपल्या बाजूच्या जगांतून गेलीं. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला व आकापुल्को ह्या बंदरांमध्यें स्पॅनिश गलबतें ये-जा करीत होतीं. मेक्सिकोंतील आंब्याच्या एका आवडत्या जातीस अजून 'मनिला' हेंच नांव आहे. देणें-घेणें दोन्ही बाजूंनीं झालें आहे.

एका बाबतींत मात्र आपण उणे राहिलों. मक्याचें रोप जगानें घेतलें, पण त्याबरोबरची विद्या घेतली नाहीं. मेक्सिकोंत मका चुन्याच्या पाण्यांत शिजवूनच वाटतात. त्यामुळें साल सुटते, पीठ चिकट होऊन भाकरी तुटत नाहीं, कॅल्शियम वाढतें, आणि मक्यांत अडकून पडलेलें नायसिन नांवाचें जीवनसत्त्व शरीरास मिळतें. इटलींतील व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं दक्षिणेकडील संस्थानांतील गरीब लोक नुसत्या मक्यावर राहूं लागले, पण चुन्याची ही युक्ति त्यांस ठाऊक नव्हती. तेथें पेलाग्रा नांवाच्या रोगानें हजारों माणसें गेलीं.

आपल्या घरीं ही कृति करणें कठीण नाहीं. वाळलेला, पक्का मका एक किलो घ्यावा. कोंवळा गोड मका उपयोगी नाहीं. तीन लिटर पाण्यांत खाण्याचा चुना दहा ग्रॅम कालवावा. भिंतीस लावण्याचा चुना कदापि घेऊं नये, भांडें ॲल्युमिनियमचें नसावें, आणि चुना डोळ्यांत उडूं देऊं नये. मका त्यांत अर्धा-पाऊण तास मंद शिजवून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळीं तीन-चार पाण्यांनीं चोळून धुवावा, म्हणजे सालें निघून जातील. मग थोडें पाणी लावून बारीक वाटावा, लहान गोळे करून दोन कागदांमध्यें दाबावे व कडक तव्यावर दोन्ही बाजूंनीं भाजावे. त्यांत घेवड्याची उसळ, टोमॅटोची कोशिंबीर व लिंबाचा रस घातला कीं नातवंडांचें टाको सिद्ध झालें. लाल भोपळ्याचीं फुलें मेक्सिकोंतहि आवडीनें खातात. परसांत वेल असल्यास तींहि परतून घालावीं. ह्यांत अभक्ष्य असें कांहींहि नाहीं. ज्यांस कांदा वर्ज्य त्यांच्या वाट्याची कोशिंबीर कांद्यावांचून आधीं काढून ठेवावी.

मक्याच्या शेतांतील मराठी माणूस

मेक्सिको आणि महाराष्ट्र ह्यांना जोडणारा एक मराठी माणूस आपल्या मुलांस ठाऊक असलाच पाहिजे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळींतील क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यांत परतणें अशक्य झाल्यावर ते १९२४ सालीं मेक्सिकोस गेले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक झाले. मक्याच्या व गव्हाच्या सुधारलेल्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत कृषिशाळा काढल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्यांच्याशीं त्यांचा स्नेह होता. रिव्हेरांच्या एका भित्तिचित्रांत पंगतीच्या मध्यभागीं बसून भाकरी मोडणारे खानखोजे आपणांस दिसतात. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. परक्या देशाच्या मुख्य धान्याची सेवा ज्यानें आपली मानली, त्याच्या देशबांधवांनीं त्या धान्याच्या भाकरीस बाट मानावा हें शोभत नाहीं.

खरी हानि कोणती?

तेव्हां 'परकें' म्हणून नाक मुरडण्यास जागा उरत नाहीं. परंतु तरुण मंडळींनींहि येथेंच विजय मानूं नये. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नाचणी आणि वरी पिकवीत आले आहेत. हीं पिकें मागें पडत चाललीं आहेत. नाचणीहि पूर्वीं आफ्रिकेंतूनच आली. पण तिला येथें नांदून हजारों वर्षें झालीं, आणि पातळ जमिनीवर, मुसळधार पावसांत ती तग धरते. एकादशीस आपण सेलमचा साबुदाणा आणतों आणि राजगड-तोरण्याच्या पायथ्याची वरी दुकानांत पडून राहते. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळलें, त्यावर भाषणें झालीं. पण पीक टिकतें तें भाषणानें नव्हे, गिऱ्हाइकानें टिकतें. परदेशी अन्न आल्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं. तें येतांना शेजारच्या शेतकऱ्याचें धान्य ताटांतून उठून जातें, ही खरी हानि होय.

दुसरी हानि घरांतील. वडिलांसाठीं एक, मुलांसाठीं दुसरा असे दोन स्वयंपाक झाले म्हणजे सुनेचे कष्ट दुप्पट होतात, आणि पंगतहि मोडते. मुलें फांट्यावरच्या भोजनगृहांत बसतात, आजोबा घरीं एकटे जेवतात. वर सांगितलेली मक्याची भाकरी, उसळ व कोशिंबीर ह्यांचा गुण हाच कीं एकाच स्वयंपाकांत दोन्ही पक्ष बसतात. आजीनें भाकरी मोडून उसळीशीं खावी, नातवानें दुमडून खावी. मका दाबण्याचें व भाजण्याचें काम त्या दिवशीं नातवंडांनींच करावें. ज्यांनीं हट्ट धरला त्यांनीं तव्याची आंचहि सोसावी.

कोणत्याहि नव्या पदार्थाची परीक्षा आम्ही तीन प्रश्नांनीं करावी असें सुचवितों. तो ताजा व शरीरास हितकारक आहे काय? त्यांतील निदान अर्ध्या वस्तू आपल्या पंचक्रोशींत पिकतात काय? आणि घरांतील लहानथोर सर्वांस तो एका पंगतींत बसून खातां येतो काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तर तो पदार्थ मेक्सिकोचा असो कीं मावळाचा, त्यानें आपल्या ताटांत निःशंक यावें. आणि येत्या एकादशीस वेल्ह्याच्या वरीचा भात व दाण्याची आमटी करावी, हेंहि सुचवितों; त्या आमटींतील दाणे अमेरिकेचे आहेत, हें वाढतांना मुलांस सांगावयास विसरूं नये.