गर्भपाताचा आकडा : यवतमाळ जिल्ह्यात तो कसा तयार होतो

गर्भपात सेवेची सरकारी आकडेवारी म्हणजे मान्यताप्राप्त केंद्रांत कायद्यानुसार झालेल्या गर्भपातांची मोजदाद. यवतमाळ जिल्ह्यात वर्षभरात एकूण किती गर्भपात झाले, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. किती गर्भपात दवाखान्याच्या नोंदवहीत उतरले आणि तिथून वर कळवले गेले, एवढेच ती सांगते. तिची गुणवत्ता तपासायची तर आधी ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

वैद्यकीय गर्भपात (एमटीपी) कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याची पायाभरणी केंद्र सरकारने १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने केली. समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह. पन्नास कोटी लोकसंख्येमागे वर्षाला ३९ लाख गर्भपात घडवून आणले जातात, असा या समितीचा अंदाज होता. मोजणीची कोणतीही यंत्रणा नसताना केलेला तो हिशेब होता. कायद्याने पहिल्यांदा मोजणीचा कागद अस्तित्वात आणला, आणि आजची आकडेवारी त्याच कागदावर उभी आहे.

या कागदाचे मूळ म्हणजे प्रवेश नोंदवही, या कायद्याखालच्या विनियमांतला नमुना क्रमांक तीन. एका स्त्रीची नोंद एका आडव्या ओळीत बसते. अनुक्रमांक, दाखल झाल्याची तारीख, नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव, वय, धर्म, पत्ता, गर्भ किती आठवड्यांचा, गर्भपाताचे कारण, गर्भपाताची तारीख, घरी सोडल्याची तारीख, परिणाम व शेरा, मत देणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि शेवटी प्रत्यक्ष गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचे नाव. अनुक्रमांक दर वर्षी जानेवारीत एकपासून सुरू होतो आणि त्यापुढे तिरकी रेघ मारून साल लिहिले जाते, म्हणजे ५/२०२३ आणि ५/२०२४ यांची गल्लत होत नाही. संमतिपत्र आणि डॉक्टरचे मत लाखबंद पाकिटात जाते. पाकिटावर स्त्रीचे नाव नसते. तिचा अनुक्रमांक, डॉक्टरचे नाव आणि ‘गोपनीय’ असा शब्द, एवढेच असते. नोंदवहीही गोपनीय दस्तऐवज आहे आणि कायद्याने अधिकार दिल्याखेरीज ती कोणालाही दाखवता येत नाही.

सांख्यिकीच्या दृष्टीने ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. पाकिटावरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक जुळवून पाहिला की नोंद खरी आहे की नाही ते कळते, आणि त्यासाठी नाव उघड करावे लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी हाताने लिहायच्या वहीसाठी हे ठरवले गेले, याचे श्रेय द्यायलाच हवे.

वहीतली माहिती दर महिन्याला नमुना क्रमांक दोनमध्ये गोळा करून वर पाठवली जाते. या टप्प्यावर तिच्यातले बरेच काही गळते. केंद्राच्या २००३ च्या विनियमांतला मासिक तक्ता गर्भाचा कालावधी विचारतो, बारा आठवड्यांपर्यंत की त्यापुढे. तो धर्मनिहाय बेरीज मागतो, गर्भपातानंतर नसबंदी झाली की तांबी बसवली ते विचारतो आणि कारणांची वर्गवारी मागतो : जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बलात्कारातून राहिलेला गर्भ, बाळात व्यंग असण्याची शक्यता, गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे. वय त्यात नाही, पत्ता नाही. झरी जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून आलेली अठरा वर्षांची मुलगी आणि यवतमाळ शहरातली पस्तीस वर्षांची नोकरदार स्त्री, दोघी या तक्त्यात सारख्याच दिसतात. सेवा कोणापर्यंत पोहोचत नाही, हे शोधायला लागणारी माहिती वहीत असते आणि अहवालात नसते. या आकडेवारीतला सर्वांत मोठा तोटा हाच आहे, आणि तो कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालेला नाही, तक्त्याच्या रचनेतच आहे.

यवतमाळमध्ये हे अहवाल एका रांगेतून जात नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालये आणि पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथली उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत. खासगी एमटीपी केंद्रांना मान्यता देण्याचे काम जिल्हास्तरीय समितीचे. या सर्वांचे आकडे ज्या ठिकाणी एकत्र यायचे ते म्हणजे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचे एचएमआयएस (आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली) पोर्टल. ते ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाले. पुढे जिल्ह्याच्या एकत्रित आकड्याऐवजी प्रत्येक संस्थेचा वेगळा आकडा त्यात भरला जाऊ लागला. पोर्टलचे वर्ष एप्रिल ते मार्च, वहीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. दोन्हींचा वार्षिक आकडा तसाच शेजारी मांडला तर तो जुळणार नाही. जुळवायचा असेल तर महिनावार जुळवावा लागतो.

चुका कुठे होतात, ते ओळखता येते. पहिली जागा निरंक अहवालाची. महिनाभरात एकही गर्भपात झाला नसेल तर केंद्राने ‘निरंक’ कळवायचे असते. कळवलेच नाही तर तो रकाना रिकामा राहतो. पोर्टलवर शून्य आणि रिकामा रकाना या वेगळ्या गोष्टी आहेत. बेरजेत मात्र दोन्ही सारखेच वागतात. सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात काही केंद्रांचे अहवाल आलेच नाहीत, तर ‘गर्भपात घटले’ असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात घटलेले असतात ते अहवाल. म्हणून कोणत्याही एकूण आकड्याशेजारी किती अहवाल अपेक्षित होते आणि किती आले, हे लिहिलेले असायला हवे.

दुसरी जागा अधिक अवघड आहे. घरी गोळ्या घेतलेली स्त्री रक्तस्राव थांबेना म्हणून रुग्णालयात येते. गर्भाशयात अंश राहिलेला असतो आणि पिशवी साफ करावी लागते. ही नोंद कशाची? गर्भपात रुग्णालयाने केलेला नाही, म्हणून एमटीपीच्या वहीत ती जात नाही. ती ‘गर्भपातानंतरची गुंतागुंत’ म्हणून जायला हवी, पण गोळ्या घेतल्याचे तिने सांगितले नाही तर ‘आपोआप झालेला गर्भपात’ म्हणून जाते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत आपोआप झालेल्या गर्भपाताला ओ-०३, वैद्यकीय गर्भपाताला ओ-०४ आणि ज्याचा प्रकार ठरवता येत नाही त्याला ओ-०६ असे वेगळे संकेतांक आहेत. ‘ठरवता येत नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि ते लिहिण्याची मुभा कर्मचाऱ्याला असली पाहिजे. मुभा नसली की अंदाज खात्रीच्या रकान्यात जाऊन बसतो.

तिसरी जागा पत्त्याची. नोंद सेवा मिळाली तिथे होते, स्त्री राहते तिथे होत नाही. वणीच्या स्त्रीला चंद्रपूर जवळ पडते, उमरखेडच्या स्त्रीला नांदेड. जिल्ह्याचे मुख्यालय दोघींनाही लांब आहे. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणूनही परजिल्ह्यात जाणे सोयीचे असते. या सर्व स्त्रिया यवतमाळच्या लोकसंख्येत मोजल्या जातात आणि त्यांचा गर्भपात दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात पडतो. त्यात २०११ च्या जनगणनेतली २७ लाख ७२ हजारांची लोकसंख्या अजूनही भाजक म्हणून वापरली, तर निघणाऱ्या दराला फारसा अर्थ उरत नाही.

यापलीकडे जे वहीत येतच नाही त्याचा आवाका मोठा आहे. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज मांडला. त्यांतले सुमारे २२ टक्के आरोग्य संस्थांमध्ये आणि ७३ टक्के संस्थांबाहेर गोळ्यांनी झाले होते. या अभ्यासाची पाहणी सहा राज्यांत झाली आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यामुळे ही टक्केवारी यवतमाळला जशीच्या तशी लावणे चूक ठरेल. महाराष्ट्रापुरता घरोघर पाहणीचा प्रयत्न मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने केला होता आणि २००४ मध्ये त्याचा अहवाल निघाला. गोळ्यांचा प्रसार वाढण्याआधीचे ते चित्र आहे. अशी पाहणी पुन्हा व्हायला हवी, कारण नोंदवही कितीही काटेकोर ठेवली तरी घरात घडलेले तिच्यात उतरत नाही.

नोंद टाळली जाते याचे एक कारण भीती आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग निदानावर कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. लिंगनिवडीविरुद्धची ही लढाई आवश्यक आहे. पण गर्भपात सेवेवरही त्याच संशयाने नजर ठेवली गेली. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आर्वीला २०२२ मध्ये उघड झालेल्या बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणांनी तो संशय आणखी गडद केला. गुन्ह्याचा तपास पोलिसांनी करावाच. पण आकडे गोळा करायला येणारा माणूस आणि धाड घालायला येणारा माणूस एकच असेल, तर बारा आठवड्यांपुढचा गर्भ वहीत अकरा आठवड्यांचा होण्याची शक्यता वाढते. सांख्यिकीसाठी दिलेली माहिती कारवाईसाठी वापरू नये, हे संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये मान्य केलेल्या अधिकृत सांख्यिकीच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. भारतानेही ही तत्त्वे २०१६ मध्ये स्वीकारली.

अल्पवयीन मुलींच्या बाबतीत हा पेच सर्वांत तीव्र होतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागातील कुमारी मातांचा प्रश्न जिल्ह्याला ठाऊक आहे. अठराखालील मुलीचा गर्भ म्हणजे पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवण्याची बाब, आणि कळवले तर नाव फुटेल म्हणून कुटुंब दवाखान्याची पायरी चढत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढला : मुलीची आणि पालकांची विनंती असल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत आणि गावातल्या आशा ताईपर्यंत पोहोचला तर आकडाही सुधारेल, पण त्याआधी त्या मुलीला सुरक्षित उपचार मिळेल, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे.

पडताळणीची साधने जिल्ह्यातच आहेत. वहीतला शेवटचा अनुक्रमांक आणि बारा महिन्यांच्या अहवालांची बेरीज जुळते का, वहीतल्या तारखा शस्त्रक्रियागृहाच्या नोंदींशी आणि औषधसाठ्याच्या नोंदींशी मेळ खातात का, एखाद्या केंद्राचा आकडा महिनोन्‌महिने तोच येतो का, हे नाव न वाचता पाहता येते. इंग्लंडमध्ये प्रत्येक गर्भपाताचा स्वतंत्र अर्ज चौदा दिवसांच्या आत मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो, त्यामुळे वय आणि राहण्याचे ठिकाण आकडेवारीत टिकते. भारतात तसे करायचे झाले तर आधी गोपनीयतेची हमी पक्की करावी लागेल. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली आहे. त्या मानाने विनियमांचे जाणूनबुजून पालन न करण्याला मूळ कायद्यात असलेला दंड एक हजार रुपयांपर्यंतचाच आहे.

आकडे प्रसिद्ध करतानाही जपावे लागते. तालुका, वयोगट आणि कारण हे तिन्ही एकत्र मांडले की एखाद्या रकान्यात ‘१’ उरतो, आणि छोट्या तालुक्यात ती एक कोण हे लोक ओळखतात. असे रकाने झाकावेत किंवा शेजारच्या तालुक्यात मिळवावेत. मूळ नोंदवही वर्ष संपल्यापासून पाच वर्षे जपण्याचे बंधन आहे. त्यानंतर पोर्टलवरचा आकडा राहतो, पण तो ज्यावरून आला तो कागद असेलच असे नाही. म्हणून जुळणीचे काम दर वर्षी, त्या त्या वर्षाच्या वह्या कपाटात असतानाच व्हावे लागते.